कोकणात मड-टेरेन टायर घ्यावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंब्याच्या शेवटच्या पेट्या वाशीला गेल्या की आगोटीची कामे सुरू होतात. कौले शाकारायची, लाकूडफाटा आत घ्यायचा आणि ज्याच्या दारात पिकअप किंवा जीप उभी आहे त्याने टायर बघायचे. मिरगाच्या आधीच्या त्या पंधरवड्यात टायरबद्दल जे प्रश्न हमखास निघतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. ती रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या जमिनीचा विचार करून लिहिली आहेत. घाटमाथ्यापलीकडच्या वाचकांनी ती जपून वापरावीत.

एचटी, एटी, एमटी यांत फरक काय?

एचटी म्हणजे हायवे टेरेन. याची नक्षी बारीक, खाचा अरुंद, डांबरावर शांत आणि पेट्रोल-डिझेलला हलका. कंपनीतून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हाच किंवा याच्या जवळपासचा टायर असतो. एटी म्हणजे ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्चा मार्ग दोन्ही सांभाळणारा. एमटी, म्हणजे मड टेरेन, यात रबराचे मोठे ठोकळे एकमेकांपासून लांब असतात. ठोकळे चिखलात रुतून पकड घेतात आणि चाक फिरताना मधला चिखल बाहेर फेकला जातो. टायरच्या खांद्यावर आणि साइडवॉलवरही दाते असतात, कारण चाक खोल गेले की बाजूही कामाला येते.

कोकणात एमटीची खरी गरज कोणाला आहे?

तुमच्या रोजच्या रस्त्याचे शेवटचे दोन किलोमीटर कसे आहेत, ते आधी बघा. जाहिरातीतला डोंगर बघू नका. घरापर्यंत डांबर किंवा काँक्रीट आले असेल, पुढे शंभर-दोनशे मीटर कच्ची वाट असेल, तर एमटीची गरज नाही. चांगला एटी पुरतो आणि उरलेला सगळा प्रवास जास्त सुरक्षित होतो.

पावसाळाभर कलमांच्या बागेत खते, फवारणीचा पंप आणि माणसे नेणारे बागायतदार, डंपरने फोडलेल्या वाटेने चिरेखाणीत जाणारे, रबर किंवा काजूच्या लागवडीत आडवाटेने शिरणारे, धनगरवाड्यांकडच्या कच्च्या रस्त्यांवर सामान पोचवणारे, यांना एमटीचा उपयोग आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत यांची गाडी जवळजवळ रोज घोट्याएवढ्या चिखलात असते. पावसाळी ऑफ-रोड स्पर्धांत उतरणाऱ्यांचा विषय वेगळा. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ठिकाणी याहूनही आडदांड टायर लागतात आणि त्या गाड्या घरी ट्रकवर चढून जातात.

गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या थारवर एमटी हौसेने लागतात. हौसेला मोल नसते हे मान्य, पण मग गाडी चालवताना हौसेचे तोटेही धरून चालावे.

एवढा पाऊस पडतो, मग एमटीच चांगले ना?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. पाऊस आणि चिखल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आंबोलीला सात हजारांच्या आसपास. पण त्यातला बराचसा तुमच्या चाकाखाली येतो तो कडक पृष्ठभागावर: डांबर, मुंबई-गोवा महामार्गाचे काँक्रीट, गावातली फरसबंदी पाखाडी, उघडा जांभा कातळ. अशा जागी पकड दोन गोष्टींवर ठरते. किती रबर जमिनीला टेकले आहे, आणि त्या रबरावर पाण्याचा पातळ थर कापणाऱ्या बारीक चिरा किती आहेत. एमटीत दोन्ही कमी. ठोकळ्यांमधल्या रुंद खाचांमुळे जमिनीला टेकणारे रबर घटते, बारीक चिरा थोड्या असतात आणि दगड-खडीत टिकावे म्हणून रबरही बरेचदा कडक असते. ओल्या लादीवर खडावा घालून चालण्यासारखा तो प्रकार आहे.

न्याय म्हणून दुसरी बाजू सांगायला हवी. साचलेल्या पाण्याच्या डबक्यातून वेगाने जाताना गाडी पाण्यावर तरंगण्याचा धोका असतो. तिथे नव्या एमटीच्या खोल खाचा पाणी पटकन बाहेर काढतात. पण घाटात ब्रेक मारायची वेळ येते तेव्हा रस्त्यावर सहसा डबके नसते, पाण्याची पातळ फिल्म असते, त्यात डिझेलचे थेंब आणि कुजलेला पाला मिसळलेला असतो. परशुराम, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, कोणताही घाट घ्या, तिथे एमटीवर थांबायला जास्त अंतर लागते. पुढच्या गाडीपासून तेवढे जास्त अंतर ठेवा आणि वळणाआधीच गिअर खाली घ्या.

शेवाळाबद्दलही नेहमी विचारतात. जुलै-ऑगस्टमध्ये सावलीतल्या पाखाडीवर आणि काँक्रीटच्या चढावर हिरवा थर चढतो. त्यावर कुठलाही टायर घसरतो, एमटी थोडा जास्तच. त्यावर उपाय टायरच्या दुकानात मिळत नाही. खराटा आणि चुन्याची भुकटी मिळते, ती वापरावी. घराचा चढ नव्याने करत असाल तर काँक्रीट ओले असताना आडव्या रेघा मारून घ्याव्यात.

पुण्याचा मित्र म्हणतो, एमटीशिवाय चिखलातून गाडी निघणारच नाही. त्याचे खोटे आहे का?

खोटे नाही, तो त्याच्या मातीबद्दल बोलतो आहे. देशावरची काळी माती पाणी पिऊन फुगते. ती टायरला लाडवासारखी चिकटते, खाचा भरून टाकते आणि साधा टायर दोन फेऱ्यांत गुळगुळीत होतो. तिथे चिखल झटकून टाकणारे लांब-लांब ठोकळे लागतात.

आपली जांभ्याची लाल माती वेगळी. तिच्यात फुगणारी चिकणमाती फार कमी आणि लोहाचे प्रमाण भरपूर. ती एवढी चिकटत नाही, पाणीही लवकर सोडते. बऱ्याच ठिकाणी वर चार-सहा इंच निसरडा थर आणि खाली घट्ट मुरूम किंवा कातळ असतो. चाक खालच्या थराला लागले की गाडी चालायला लागते. म्हणून चार दाते असलेला एटी, हवा थोडी कमी करून, कोकणातल्या बहुतेक वाटांवर निघून जातो.

दोन अपवाद आहेत. एक, भातखाचर. चिखलणी झालेल्या खाचरात गाडी घालायचे कारणच नाही, तिथे पॉवर टिलर आहे. दुसरा, खाडीकाठचे खाजण. तिथला रेंदा म्हणजे तळ नसलेला गाळ. त्यात एमटी गाडीला बाहेर काढत नाही, फक्त जास्त वेगाने खाली खणतो. चाक फिरते आहे आणि गाडी जागची हलत नाही असे दिसले की त्याच क्षणी पाय काढा. चेसिस टेकल्यावर ट्रॅक्टरशिवाय गत्यंतर नसते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

टायर रुंद घ्यावा की अरुंद?

दिसायला रुंद, कामाला अरुंद. खाली घट्ट थर असलेल्या जमिनीत अरुंद टायर वरचा चिखल कापून तळाला पोचतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. रुंदीचा फायदा वाळूत आणि तळ नसलेल्या गाळात, आणि त्या दोन्ही ठिकाणी आपण जाऊ नये असेच मी सांगेन. जुन्या जीपवर ६.०० - १६ चे काठीसारखे टायर असायचे, फौजी नक्षीचे. त्या गाड्या पूर्वी वाडीवस्तीवर पोचायच्या त्यात टायरच्या अरुंदपणाचा वाटा होता. जिम्नीचा १९५/८० आर १५ (रुंदी १९५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची) हा मूळ आकार कोकणासाठी अगदी योग्य आहे. तो बदलायची घाई करू नका.

मूळ आकारापेक्षा मोठा टायर बसवता येतो का?

बसतो बरेचदा, पण बसणे आणि शोभणे वेगळे. एक हिशेब करून बघू. बोलेरोचा २१५/७५ आर १५ सुमारे ७०४ मिलिमीटर व्यासाचा. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३४ च्या आसपास जातो, म्हणजे चार टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी साधारण ८३ ला असेल. जमिनीपासूनची उंची मात्र तीसने नाही, तिच्या निम्म्याने, म्हणजे पंधरा मिलिमीटरने वाढते. चढावर ओढ कमी होते, क्लचवर ताण येतो, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का ते बघावे लागते. माल भरल्यावर पुन्हा बघावे लागते.

जिम्नीला २१५/७५ आर १५ घालणारे बरेच आहेत. तिथे व्यासातला फरक जेमतेम दहा मिलिमीटर, त्यामुळे त्रास कमी.

थार घेणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२० नंतरच्या थारमध्ये २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ असे दोन आकार आले. अठरा इंची रिम दिसते छान, पण सोळा इंचीत साइडवॉलची उंची सुमारे १८४ मिलिमीटर मिळते, अठरात १६६. कच्च्या वाटेवर हवा कमी करायला आणि जांभ्याचे धक्के सोसायला ती जास्तीची उंचीच उपयोगी पडते. सोळा इंची टायर सहसा स्वस्तही पडतो.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. मडगार्डच्या बाहेर आलेली चाके नाक्यावर लगेच नजरेत भरतात, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

पिकअप फक्त मागच्या चाकांवर चालते. मग मागेच दोन एमटी घातले तर?

पैसे वाचतात म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. ट्रकला पुढे सरळ रेघांचे आणि मागे दात्यांचे टायर असतात, त्यावरून कल्पना सुचते. भरलेल्या पिकअपला हे काही प्रमाणात चालते, कारण मागे वजन असते. पण मोकळी पिकअप मागे हलकी. ओल्या घाटात पुढे चांगली पकड आणि मागे कमी, असे झाले की वळणावर ब्रेक मारताच शेपूट बाहेर फेकली जाते. हे टाळण्यासाठी चारही एकाच जातीचे घ्यावेत. चिखलात मोकळी गाडी मागे फिरत असेल तर हौद्यात मागच्या एक्सलच्या वर रेतीच्या दोन-चार गोण्या बांधून ठेवा. टायरच्या किमतीच्या मानाने हा उपाय फुकटच.

फोर बाय फोर गाडीत तर प्रश्नच नाही. चारही चाकांचा व्यास सारखा नसेल तर फोर व्हील लावल्यावर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) आणि गिअरवर ताण येतो. आणि ज्यांनी २०२३ मध्ये आलेली, फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार घेतली आहे त्यांनी लक्षात ठेवावे: तिला एमटी लावल्याने ती फोर बाय फोर होत नाही. एचटीवरची फोर बाय फोर तिच्या पुढे निघून जाईल.

टायरवर लिहिलेल्या आकड्यांत काय बघायचे?

आकारानंतर येणारा आकडा भाराचा. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १०३०, ११२ म्हणजे ११२०. हा भार टायरवर लिहिलेल्या कमाल हवेवर धरलेला असतो. मालवाहू पिकअपसाठी हा आकडा नक्षीपेक्षा महत्त्वाचा. जीपसाठी बनवलेला देखणा एमटी चिरे भरलेल्या पिकअपला लावला तर मागच्या दोन टायरांची ताकद कमी पडते आणि तापून फुटायची वेळ येते. पिकअपला प्लाय रेटिंगही, म्हणजे टायरच्या थरांच्या मजबुतीचा आकडाही बघा, सहापेक्षा आठ बरा, आणि मूळ टायरपेक्षा भाराचा आकडा कधीही कमी घेऊ नका.

त्यापुढचे अक्षर वेगाचे. एमटीवर बहुतेक वेळा क्यू असतो, म्हणजे ताशी १६० किलोमीटर. आपल्या रस्त्यांना तो पुरून उरतो.

साइडवॉलवर लांबट चौकटीतले शेवटचे चार आकडे तारखेचे. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. एमटी हळू खपतात, त्यामुळे दुकानात जुना माल पडून असण्याची शक्यता एचटीपेक्षा जास्त. वर्षाहून जुना असेल तर भाव पाडून मागा, तीन वर्षांचा असेल तर घेऊच नका.

हवा किती ठेवावी?

रस्त्यासाठी दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेली, माल असताना मालाची. चिखलाच्या वाटेला लागण्याआधी जीपसारख्या हलक्या गाडीत वीस पीएसआयपर्यंत उतरवता येते. टायर लांबट टेकतो, दात्यांना वाकायला वाव मिळतो आणि खडकावरून कापला जाण्याऐवजी तो दबतो. अठराच्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिममधून सुटतो. भरलेल्या पिकअपमध्ये हवा कमी करू नका, आधी माल उतरवा.

डांबरावर परत आल्यावर लगेच हवा भरा. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा कंप्रेसर त्यासाठी हवाच. तळकोकणात रात्री आठनंतर पंक्चरचे उघडे दुकान शोधणे हा वेगळाच ऑफ-रोड प्रकार आहे.

एमटी घेतले तर पुळणीवर गाडी नेता येईल का?

नेऊ नका. एमटीचे दाते वाळू उकरतात, त्यामुळे वाळूत तो एचटीपेक्षाही लवकर रुततो. ओल्या, घट्ट दिसणाऱ्या पट्ट्याखाली मऊ वाळू असते आणि साधारण सव्वासहा तासांत ओहोटीची भरती होते. दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर पर्यटकांची गाडी लाटांत बसलेली दिसते, ती अशीच. शिवाय पोलीस गुन्हा दाखल करतात.

याहून मोठे कारण कासवांचे. नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास ऑलिव्ह रिडले माद्या वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर अंडी घालतात आणि पिल्ले मेपर्यंत बाहेर येत राहतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये संवर्धन सुरू केले तेव्हापासून गावकऱ्यांनी ही घरटी राखली आहेत. वाळूखाली दीड फुटावरचे घरटे ड्रायव्हरला दिसत नाही.

मोरीवरून पाणी जात असेल तर मोठे टायर उपयोगी पडतात का?

नाही. फुटभर वाहते पाणी गाडी सरकवू शकते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगतात. टायरमध्ये हवा असते, मोठ्या टायरमध्ये जास्त. पऱ्या (ओढा) उतरेपर्यंत थांबा.

आवाज, मायलेज आणि आयुष्य?

आवाज येतो, सत्तरच्या पुढे केबिनमध्ये घुमतो, आणि टायर जुना होत जातो तसा वाढतो. टायर वजनदार आणि फिरायला जड असल्याने मायलेज नक्की घसरते. मुंबई-गोवा महामार्गावर नियमित ये-जा असेल तर एमटीचे ठोकळे उन्हाळ्यातल्या तापलेल्या काँक्रीटवर झपाट्याने झिजतात, तेही वाकडे. दर पाच ते सात हजार किलोमीटरला टायरांच्या जागा बदला, स्टेपनीसकट पाचही. झिजण्याची कायदेशीर खूण १.६ मिलिमीटरवर असते, पण चिखलासाठी एमटी त्याच्या बराच आधी निकामी होतो. खोली निम्मी उरली की तो महागडा, आवाज करणारा एटी झालेला असतो.

जांभ्याने साइडवॉल फाटते, ते एमटीत थांबते का?

कमी होते. चांगल्या एमटीची साइडवॉल जाड असते, काहींत तीन थरांची. चिरेखाणीच्या वाटेवर ताज्या कापलेल्या चिऱ्यांच्या कडा टायरला बाजूने कापतात आणि बाजूची चीर पट्टी घालून दुरुस्त करायची नसते, टायर बदलावाच लागतो. खाणीत रोज जाणाऱ्यांनी चिखलासाठी नाही तरी निव्वळ या कारणासाठी एमटी घ्यावेत असे माझे मत आहे.

कोणत्या कंपनीचे?

बीएफगुडरिच केएम३, योकोहामा जिओलँडर एमटी, मॅक्सिसचे एमटी ही नावे सगळ्यांना माहीत आहेत आणि तिन्ही आपापल्या जागी चांगली आहेत. माझा निकष वेगळा. फाटलेला एक टायर त्याच नक्षीचा, त्याच आकारात, चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळला चार दिवसांत मिळेल का? मिळणार नसेल तर पाचवा टायर आधीच घेऊन ठेवा. भाव विचारताना करासहित विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, जुने दरपत्रक दाखवत असतील तर तिथेच थांबवा.

रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले) एमटी स्वस्त मिळतात. घ्यावेत?

बागेपुरत्या, वीस-तीसच्या वेगाने फिरणाऱ्या जुन्या जीपला चालतील. घाट उतरणाऱ्या किंवा माणसे नेणाऱ्या गाडीला नको.

पावसाळ्यापुरते एमटी आणि बाकी वेळ एचटी, असे दोन संच ठेवले तर?

परवडत असेल तर हा सगळ्यात शहाणा मार्ग. मिरगाला चढवा, दसऱ्याच्या सुमारास उतरवा. दुसरा रिमचा संच असेल तर दर वेळी टायर रिमवरून काढायची गरज पडत नाही. उतरवलेले टायर धुऊन, खाऱ्या हवेचा आणि चिखलाचा थर काढून, पूर्ण वाळवा. रिमसकट असतील तर आडवे रचा, नुसते टायर उभे ठेवा. माळ्यावर अंधारात ठेवावेत, पण पाण्याच्या मोटारीजवळ किंवा इन्व्हर्टरजवळ नको, तिथल्या ओझोनने रबराला चिरा पडतात. वर ताडपत्री टाका, आणि आत पाणी साचून डासांची पैदास होणार नाही याची काळजी घ्या. कुठला टायर कोणत्या चाकाचा होता ते खडूने आतल्या बाजूला लिहून ठेवा.